मागेल त्याला काम

महाराष्ट्रात बऱ्यापैकी पगाराची नोकरी करणाऱ्या माणसाच्या वेतनपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची एक कपात असते आणि तिच्यासमोर ‘व्यवसाय कर’ एवढे दोनच शब्द लिहिलेले असतात. ती रक्कम इतकी लहान आहे की तिची कोणी चौकशी करीत नाही. तथापि हा कर बसविणारा कायदा १९७५ साली विधिमंडळापुढे आला, तेव्हा तो कोणत्या प्रयोजनासाठी आणला जात आहे हे त्याच्या प्रस्तावनेतच नमूद केलेले होते, आणि त्या प्रयोजनात रोजगार हमी योजनेचे नाव स्पष्टपणे घातलेले होते. शहरातील पगारदाराच्या व व्यापाऱ्याच्या प्राप्तीतून खेड्यातील मजुराची मजुरी द्यावयाची आणि कराची जेवढी वसुली होईल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या खजिन्यातून तीत घालावयाची, असा तो बंदोबस्त होता. दारिद्र्य, अनारोग्य आणि विषमता यांनी ग्रासलेल्या देशांनी काय करावे याविषयी जगभर पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण एका गरीब देशातील एका राज्याने, बाहेरच्या कोणाचा पैसा न घेता आणि कोणी सांगितले म्हणून नव्हे, आपल्याच एका वर्गावर कर बसवून दुसऱ्या वर्गाला कामाचा कायदेशीर हक्क दिला, अशी उदाहरणे विरळा आहेत. म्हणून या योजनेचा इतिहास मराठी वाचकाने एकवार नीट समजून घ्यावा असे मला वाटते.

या इतिहासाचा आरंभ दुष्काळापासून करावा लागतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा पट्टा, म्हणजे माण, खटाव, जत, आटपाडी, सांगोला, करमाळा, कर्जत, आष्टी हे तालुके, पावसाच्या बेभरवशामुळे पिढ्यान् पिढ्या गांजलेला आहे. १८७६ ते ७८ या वर्षांत दख्खनवर जो भीषण दुष्काळ कोसळला त्यात इंग्रज सरकारने तलाव, रस्ते व कालवे यांची कामे काढली. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव हे त्या कामांपैकीच एक. परंतु सरकारी खर्चाला आळा घालण्यासाठी खास नेमलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराची रोजी सुमारे एक पौंड धान्य व वर किरकोळ रोकड इतकी खाली आणली, तेव्हा दिवसभर खोदकाम करणाऱ्या माणसाच्या शरीरातून जितकी शक्ती खर्च होत होती तितकीदेखील त्या धान्यातून भरून निघेना. हजारो मजुरांनी ती कामे सोडून दिली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. मजुरीचा दर हा केवळ हिशेबाचा विषय नसून आरोग्याचा, प्रत्यक्ष जगण्यामरण्याचा विषय आहे, ही गोष्ट आपल्याकडे तेव्हाच इतक्या कठोरपणे सिद्ध झालेली होती.

त्यानंतर १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून निरनिराळ्या इलाख्यांत दुष्काळ-संहिता तयार झाल्या. त्या संहितांची कार्यपद्धती अशी की पिकाची आणेवारी काढावयाची, ती खाली गेली की कलेक्टराने कमी मजुरीची काही चाचणी कामे उघडावयाची, त्या कामांवर लोक लोटले म्हणजे खरोखरच टंचाई आहे असे मानावयाचे आणि मग सरकारने दुष्काळ जाहीर करावयाचा. या पद्धतीने असंख्य प्राण वाचले हे मान्य केले पाहिजे. पण तिच्यात एक मूलभूत वैगुण्य होते. दुष्काळ आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार पोट उपाशी असणाऱ्याकडे नव्हता, तो कचेरीकडे होता. शिवाय ज्याच्यापाशी जमिनीचा तुकडा नाही, किंवा असला तर तो माळरानाचा दोन-तीन एकरांचा जिरायत तुकडा आहे, त्याच्या घरी चूल विझण्यासाठी आणेवारी घसरण्याची आवश्यकताच नसते. पाऊस चांगला झालेल्या वर्षीसुद्धा रब्बीची काढणी उरकली की माघापासून मृगापर्यंत शेतात काम नसते. आणि ज्या घरात साठा नाही त्या घराला तो काळ प्रतिवर्षी येणारा, कोणीही जाहीर न केलेला दुष्काळच असतो.

तासगाव तालुक्यातील विसापूरचे विठ्ठल सखाराम पागे यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. पागे हे स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते, सर्वोदयी वृत्तीचे, आणि १९६० पासून सुमारे अठरा वर्षे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती. सभापतीच्या आसनावरील व्यक्तीने स्वतः योजना आखण्याचा प्रघात नाही. परंतु त्यांनी १९६५ च्या सुमारास आपल्या गावच्या परिसरात एक छोटा प्रयोग करून पाहिला. गावात ज्यांना काम हवे आहे अशांना अंगमेहनतीचे काम नियमितपणे देता येईल का, आणि द्यावयाचे झाल्यास त्याला किती खर्च येईल, याचा अजमास त्यातून मिळाला. त्याच सुमारास पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ भारतातील दारिद्र्याचे मोजमाप करीत होते, आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता की जमिनीच्या फेरवाटपाने साऱ्या गरिबांचे दारिद्र्य हटणार नाही, त्यांना सार्वजनिक कामांवर मजुरी मिळण्याची शाश्वती दिली पाहिजे. वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळाने १९७२ साली रोजगार हमी योजना स्वीकारली.

आणि त्याच वर्षी पाऊस गेला. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी आजही मराठी घरांतून निघतात. लाल मिलोच्या भाकरी, कामावर वाटली जाणारी सुकडी, तळ गाठलेल्या विहिरी, छावणीत बांधलेली जनावरे आणि उन्हात खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा. अनेक जिल्ह्यांत धान्याचे उत्पादन निम्म्याहूनही खाली आले. नवी योजना बाजूला राहिली आणि जुन्या परंपरेतील दुष्काळी कामे प्रचंड प्रमाणावर निघाली. १९७३ च्या मे महिन्यात त्या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्याच वर्षांत आफ्रिकेतील साहेल प्रदेशातही अवर्षण होते, तेथे माणशी उपलब्ध असलेले धान्य महाराष्ट्रापेक्षा अधिक होते आणि तरीही तेथे माणसे भुकेने मेली. महाराष्ट्रात त्या काळी मृत्यूचे प्रमाण काहीसे वाढले, जन्माचे प्रमाण घटले, लोकांनी अपरंपार हाल सोसले. पण १८७६ सारखा संहार झाला नाही. कारण लोकांच्या हाती मजुरी होती, आणि मजुरी असल्यामुळे बाहेरून येणारे धान्य त्यांच्या घरापर्यंत पोहोचू शकत होते. धान्य नसल्यामुळे माणसे मरतात त्याहून अधिक ती धान्य विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे मरतात, हे तत्त्व अमर्त्य सेन यांनी पुढे १९८१ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. माणदेशातल्या आणि बालाघाटातल्या मजुराने ते आधीच अनुभवलेले होते.

दुष्काळ ओसरल्यावर १९७४ पासून योजना पुन्हा उभी राहिली, १९७५ मध्ये व्यवसाय कराने तिला पैशाचा पाया मिळाला, १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला, आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून लिहिलेला आहे, म्हणजे राज्याने त्या दिशेने झटावे एवढाच त्याचा अर्थ. महाराष्ट्राने त्याला ग्रामीण भागापुरते का होईना, प्रत्यक्ष कायद्याचे रूप दिले. खेड्यात राहणारी, अठरा वर्षांवरील कोणतीही व्यक्ती अंगमेहनतीचे अकुशल काम करावयास तयार असेल तर तिने गावपातळीवर नाव नोंदवावे, नमुना चारमध्ये कामाची मागणी करावी, आणि त्या मागणीपासून पंधरा दिवसांच्या आत शासनाने तिला काम द्यावे. न दिल्यास दिवसाला निदान एक रुपया बेकारभत्ता द्यावा. काम शक्यतो आठ किलोमीटरच्या आत असावे. चालू कामांवर सामावून न घेता येणारे पन्नास मजूर झाले की नवे काम सुरू करावे. कामाच्या एकूण खर्चापैकी निदान साठ टक्के रक्कम मजुरीवर जावी आणि त्या कामातून गावाच्या उपयोगाची उत्पादक गोष्ट निर्माण व्हावी: पाझर तलाव, नालाबांध, शेतबांध, वनीकरण, रस्ता.

या कलमांत गरिबीचा दाखला कोठेही मागितलेला नाही, हे मला या कायद्याचे सर्वांत मोठे शहाणपण वाटते. दारिद्र्यनिर्मूलनाच्या बहुतेक योजनांत प्रथम गरीब कोण हे ठरवावे लागते. त्यासाठी याद्या होतात, याद्यांसाठी दाखले लागतात, दाखल्यांसाठी कचेऱ्यांत खेपा घालाव्या लागतात, आणि या वाटेवर जो खरोखर दुबळा आहे तोच मागे पडतो. येथे तशी यादी नाही. चैत्राच्या उन्हात आठ तास टिकाव मारण्यास जो तयार आहे तो गरजवंत आहे, एवढे गृहीत धरले की पुरते. ज्याच्या घरी दुसरी सोय आहे तो त्या कामावर येत नाही. आणि दुसरे असे की दुष्काळ-संहितेत जो अधिकार कलेक्टराकडे होता, तो या कायद्याने मजुराच्या हाती दिला. पन्नास माणसांनी नमुना चार भरून दिला की त्यांच्या गावापुरता दुष्काळ जाहीर झाला. त्यासाठी आणेवारीची, पाहणीची किंवा कोणाच्या दौऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

कागदावरील ही व्यवस्था माळावर कशी दिसते ते जवळून पाहिल्याशिवाय तिची ताकद आणि तिचे दुखणे दोन्ही कळत नाहीत. तलावाच्या बांधासाठी लागणारी माती जेथून काढावयाची तेथे चौकड्या आखून दिलेल्या असतात. एकेका टोळीने आपली चौकडी धरावयाची. गडी टिकावाने जमीन फोडतो, फावड्याने घमेली भरतो, आणि बाई डोक्यावर चुंबळ ठेवून ती बांधावर नेऊन रिती करते. चौकडीच्या मधोमध मूळ जमिनीची पातळी दाखविणारा मातीचा एक उंचवटा राखून ठेवतात, कारण खोली किती गेली याचा पुरावा तोच. मुकादम सकाळी मस्टरवर हजेरी मांडतो. आठवडाअखेरीस तांत्रिक खात्याचा माणूस टेप लावून लांबी, रुंदी आणि खोली मोजतो आणि मोजमापाच्या पुस्तकात आकडे लिहितो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. पण सगळे ब्रास सारखे नसतात. मऊ मातीचा दर वेगळा, कठीण मुरुमाचा वेगळा, खडकाचा वेगळा. माती किती दूर न्यावयाची आणि किती उंच चढवावयाची यावरही दर बदलतो. सात तास नेटाने काम करणाऱ्या सरासरी माणसाला ठरलेली रोजी पडावी अशा बेताने ते दर बसविलेले असतात. आता कल्पना करावी की चौकडीत वीतभर मातीखाली कठीण मुरूम लागला आणि पुस्तकात मात्र सारी चौकडी मऊ माती म्हणून चढली. टोळीने तितकाच घाम गाळलेला असतो, कदाचित अधिकच. पण हाती येणारी मजुरी अपेक्षेच्या अर्ध्यावर येते, आणि का आली हे अक्षरशत्रू मजुराला कोणी समजावून सांगत नाही. म्हणूनच जेथे मजुरांची संघटना होती तेथे पहिला आग्रह मजुरीचा दर वाढविण्याचा नसे, मोजणी आमच्या समक्ष झाली पाहिजे आणि आकडे मोठ्याने वाचून दाखविले पाहिजेत, हा असे.

काम मोजून दाम देण्याच्या या पद्धतीचा एक परिणाम मात्र शेतमजुरीच्या साऱ्या परंपरेच्या विरुद्ध गेला. शेतावर बाईची रोजी गड्याच्या रोजीपेक्षा कमी असावयाचीच, याला कोणी कारण विचारीत नसे. रोजगार हमीच्या दरपत्रकात स्त्री आणि पुरुष असा भेदच नव्हता; ब्रासला जो दर तो दर. परिणामी या कामांवर स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने, कित्येक ठिकाणी त्यांच्याहून अधिक संख्येने आल्या. गोखले संस्थेतील कुमुदिनी दांडेकर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही योजना मुख्यतः स्त्रियांची रोजगारसंधी म्हणूनच तपासली आहे. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, ज्यांच्या नावाचा सातबारा नाही आणि ज्यांना शेतावर कोणी हंगामाखेरीज बोलावीत नाही, अशा बायकांचे नाव सरकारी मस्टरवर स्वतंत्रपणे लिहिले गेले, ही घटना लहान नव्हती. आईच्या स्वतःच्या हाती पडलेल्या मजुरीतून मुलाच्या ताटात काय येते हे ज्यांनी ग्रामीण घरे पाहिली आहेत त्यांना सांगावयास नको. बाजाराच्या दिवशी आधी ज्वारी, मग तेल-मीठ, मग मुलासाठी भुईमुगाची मूठ किंवा गुळाचा खडा, असा त्या पैशाचा क्रम असतो, आणि बालकांच्या आरोग्याचा पहिला दवाखाना त्या क्रमात असतो.

पण येथेच एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. दर सारखा असला म्हणजे मजुरी सारखी पडतेच असे नाही. पोटुशी बाई, तान्ह्या मुलाची आई, साठीला टेकलेला म्हातारा, हिवतापातून नुकता उठलेला तरुण, यांची घमेली कमी भरतात, आणि ब्रासचा हिशेब त्यांच्या अशक्तपणाची दखल घेत नाही. कामाच्या ठिकाणी सावली, पिण्याचे पाणी, औषधाची पेटी आणि मुलांना सांभाळण्यासाठी बाई असावी असा नियम होता. प्रत्यक्षात बहुतेक कामांवर बाभळीला बांधलेली झोळी हेच पाळणाघर असे. ज्या शरीराला काम सर्वांत अवश्य त्याच शरीराला हे काम सर्वांत अवघड जाते, हा या योजनेतील अंतर्विरोध कधीच पुरता सुटला नाही. हलक्या कामांची स्वतंत्र तरतूद प्रत्येक ठिकाणी व्हावयास हवी होती आणि ती करणे फारसे अवघड नव्हते, असे माझे मत आहे.

तरीही योजनेने काय साधले याचा पुरावा भक्कम आहे. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात वर्षाकाठी साधारणपणे पंधरा ते वीस कोटी मनुष्यदिवसांचे काम तिने पुरविले. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे अभ्यासक काही निवडक गावांतील कुटुंबांचे उत्पन्न वर्षानुवर्षे नोंदवीत होते. त्यांना असे आढळले की सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कानझरा या गावांत, जेथे रोजगार हमीची कामे मिळत, भूमिहीन मजुरांच्या उत्पन्नातील चढउतार अशी योजना नसलेल्या आंध्रमधील गावाच्या तुलनेत सुमारे निम्मे होते. गरीब कुटुंबाला सरासरी उत्पन्न किती यापेक्षा ते कोणत्या महिन्यात शून्यावर येते, हा प्रश्न अधिक जाचतो. शून्याच्या महिन्यात शेळी विकली जाते, पितळेची भांडी गहाण पडतात, मुलगी शाळेतून काढली जाते, ताप आला तरी डॉक्टरकडे जाणे पुढे ढकलले जाते. आणि एकदा विकलेली शेळी पुढच्या सुगीतही परत येत नाही. तो महिना टळणे म्हणजे दारिद्र्याच्या उतारावर पायाखाली एक पायरी मिळणे होय.

मग ही योजना पुढे क्षीण का झाली? भ्रष्टाचार हे त्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. खोटी मस्टरे, मेलेल्यांच्या नावे हजेऱ्या, यंत्राने केलेले काम मजुरांच्या नावावर दाखविणे, हे सारे घडले आणि त्याबद्दल खटलेही झाले. मात्र मला वाटते की खरी इजा त्याहून शांतपणे झाली. १९८८ मध्ये किमान वेतनाचा दर या कामांना लागू होऊन मजुरी एकदम दुप्पट झाली. ती व्हावयासच हवी होती. शासनाने स्वतःच ठरविलेल्या किमान वेतनापेक्षा कमी मजुरी शासनाने द्यावी हे न्यायाचे नव्हते. परंतु खर्च त्या प्रमाणात वाढविण्याची तयारी झाली नाही, आणि कामावरील उपस्थिती झपाट्याने उतरली. मजुरी वाढल्यावर मागणी वाढावयाची, ती घटली कशी? जागतिक बँकेतील मार्टिन रॅव्हॅलियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये केलेल्या अभ्यासाने याचे उत्तर दिले: मागणी घटली नव्हती, मागेल त्याला काम देणेच बंद झाले होते. कायदा जागच्या जागी होता. नवी कामे उशिरा उघडत, दूर उघडत किंवा उघडतच नसत. आणि नमुना चार स्वीकारताना पोच दिली जात नसे. पोच नाही म्हणजे मागणीची तारीख नाही. तारीख नाही म्हणजे पंधरा दिवसांची मुदत सुरूच होत नाही. मुदत सुरू झाली नाही म्हणजे बेकारभत्त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एवढ्याशा चिठोऱ्यावर सारा हक्क टांगलेला होता. व्यवसाय कर मात्र नेमाने वसूल होत राहिला आणि त्यातील मोठा हिस्सा ज्या कामासाठी तो बसविला गेला त्या कामावर खर्च होईनासा झाला.

पुढे २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत केला, २ फेब्रुवारी २००६ रोजी दोनशे जिल्ह्यांतून त्याचा आरंभ झाला आणि एप्रिल २००८ पर्यंत तो देशाच्या साऱ्या ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला. महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या मुळाशी होता. पंधरा दिवसांची मुदत, बेकारभत्ता, साठ-चाळीसचे प्रमाण, अकुशल अंगमेहनत, या साऱ्या कल्पना येथूनच गेल्या. मात्र महाराष्ट्राची हमी प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होती आणि तिला दिवसांची मर्यादा नव्हती; केंद्राच्या कायद्याने ती प्रत्येक कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस अशी आखली. कुटुंब हे एकक धरले की घरातील स्त्रीचा स्वतंत्र हक्क पुसट होतो, म्हणून कामावर निदान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात अशी तरतूद जोडावी लागली. शंभर दिवसांपलीकडची जबाबदारी महाराष्ट्राने स्वतःकडे ठेवली, ही समाधानाची गोष्ट. इथिओपियानेही २००५ मध्येच सार्वजनिक कामांच्या आधारावर अन्नसुरक्षेची मोठी योजना सुरू केली; पण हक्काची भाषा कायद्यात घालण्याचे धैर्य फार थोड्या देशांनी दाखविले आहे.

आता योजनेच्या त्या अंगाकडे वळतो जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि ज्याची चर्चा सर्वांत कमी होते. मजुरांनी बांधलेला पाझर तलाव पाणी अडवितो, ते पाणी झिरपते, आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरते. विहीर ज्याच्या जमिनीत आहे पाणी त्याचे. तलाव खोदणाऱ्यांपैकी ज्यांना जमीनच नव्हती त्यांच्या वाट्याला मजुरी आली आणि तीही एकदाच. जमीनवाल्याच्या वाट्याला वर्षानुवर्षांचे बागायत आले. शहरवासीयांच्या करातून, भूमिहीनांच्या श्रमातून जी संपत्ती निर्माण झाली ती गावातील आधीच्या विषमतेच्या चाकोरीतून वाहत गेली. ग्रामीण भागातील बड्या शेतकऱ्यांनी या योजनेला राजकीय पाठबळ दिले त्यामागे हेही एक कारण होते, आणि ते पाठबळ नसते तर कायदा झालाही नसता, हे लक्षात घेऊनच याचा विचार करावयास हवा.

हा पेच ज्यांनी प्रथम ओळखला त्यांत विलासराव साळुंखे यांचे नाव अग्रभागी आहे. पुण्यात कारखाना चालविणारे हे अभियंता बहात्तरच्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात गेले आणि तेथे हजारो माणसे खडी फोडीत असलेली त्यांनी पाहिली. एवढे श्रम पाणी अडविण्याला लावले तर पुढचा दुष्काळ सौम्य होईल, या विचाराने त्यांनी १९७४ मध्ये नायगाव येथे देवस्थानची सुमारे चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेतली, उतारावर बांध घातले, पायथ्याला तलाव केला, आणि त्या पाण्यावर पिके उभी करून दाखविली. एवढ्यावर ते थांबले असते तर एका आदर्श शेताची भर पडली असती. त्यांनी पुढे पाणी पंचायत उभी केली आणि पाणीवाटपाचे नियम बांधून दिले. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर मिळणार नाही, घरातील माणसांच्या संख्येवर मिळेल: माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावावयाचा नाही. आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा आहे.

यातील शेवटचा नियम ऐकून प्रथम माणूस विचारतो की जमीन नसलेल्याने पाणी घेऊन काय करावयाचे. त्याने ते पाणी घेऊन कोरडवाहू जमीनवाल्याशी वाट्याचा करार करावयाचा. एकाची जमीन, दुसऱ्याचे पाणी आणि दोघांचे श्रम. ज्याने आजवर फक्त हात विकले तो येथे भागीदार म्हणून बोलणी करावयास बसतो. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर मुक्ती संघर्ष चळवळीतील शेतकऱ्यांनी व मजुरांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण बांधले तेव्हाही भूमिहीनांना पाण्याचा वाटा देण्याचे तत्त्व त्यांनी स्वीकारले होते, आणि ती चळवळ मुळात रोजगार हमीच्या कामांवरील मजुरांमधूनच, नुसती खडी फोडण्याऐवजी दुष्काळ हटविणारे काम आम्हाला द्या या मागणीतून वाढलेली होती.

हे दोन्ही प्रयोग आकाराने लहान राहिले, कारण ते लोकांच्या संमतीवर उभे होते आणि शासनाच्या नियमांत त्यांना आधार नव्हता. तो आधार देणे आजही शक्य आहे. रोजगार हमीतून पाणी अडविण्याचे कोणतेही काम मंजूर करताना तहसीलदाराच्या दफ्तरात जे अंदाजपत्रक जाते, त्यात माती किती, मुरूम किती, मजुरी किती याचे रकाने असतात. त्यांच्या जोडीला आणखी एक रकाना असावा, अडलेले पाणी कोणाला किती आणि मस्टरवरील भूमिहीनांचा त्यात वाटा किती, आणि तो ग्रामसभेपुढे वाचून, नोंदवून, मगच पहिला टिकाव पडावा.